माणूस विरतो, पण वाफ जाते कुठे?

एप्रिल १९६७. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा एक भाग लागला आहे. कथा काळाच्या मागे, १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये गेली आहे. मंदीत रस्त्यावर आलेल्या एका माणसाच्या हाती भविष्यातलं शस्त्र लागतं. ते काय आहे हे त्याला ठाऊक नाही. तो चाचपून बघतो, नको ती कळ दाबली जाते, आणि क्षणभर उजळून तो माणूस नाहीसा होतो. मागे ना राख उरते, ना अंगावरचा कपडा.

हे शस्त्र म्हणजे फेझर. मुठीत मावणारं, कमरेला अडकवता येणारं. एका खुणेवर ठेवलं तर समोरचा बेशुद्ध पडतो, दुसऱ्या खुणेवर मरतो, आणि आणखी पुढे नेलं तर असा विरून जातो. ते चालतं कसं, हा प्रश्न तेव्हापासून या मालिकेच्या चाहत्यांनी सोडलेला नाही. पोरकट म्हणून तो झटकून टाकणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र तो मनापासून आवडतो. कारण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की तो थेट दहावीच्या उष्णतेच्या धड्यापाशी नेतो.

आधी नावाची गोष्ट. थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथल्या प्रयोगशाळेत कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण मिळवला. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडेनबेरी यांनी पुढच्या काही वर्षांतच जो पहिला नमुना भाग तयार केला, त्यातल्या पात्रांच्या हाती लेझर पिस्तुलंच होती. मग मालिकाकारांच्या लक्षात आलं, की लेझर आता खरी वस्तू आहे. थोड्याच वर्षांत लोकांना तिच्या मर्यादा कळतील आणि ते म्हणतील, लेझरने असं कुठे होतं? म्हणून शब्द बदलला. मला यात प्रेक्षकांविषयीचा आदर दिसतो. प्रेक्षक हिशेब मांडणार, हे या मंडळींनी धरूनच ठेवलं होतं.

तर मांडू या हिशेब. सत्तर किलोच्या माणसात साधारण ४२ लिटर पाणी असतं. हाडं, प्रथिनं, चरबी सध्या बाजूला ठेवू, पाण्याचंच बघू. शरीराच्या ३७ अंशांपासून १०० अंशांपर्यंत एक किलो पाणी तापवायला सुमारे २.६ लाख जूल लागतात. पण खरी भूक त्यापुढे आहे. उकळत्या पाण्याची वाफ करायला किलोमागे आणखी साडेबावीस लाख जूल द्यावे लागतात, आणि त्यात तापमान एका अंशानेही वाढत नाही. हाच तो अप्रकट उष्मा. सगळं मिळून ४२ लिटरना सुमारे साडेदहा कोटी जूल, म्हणजे आपल्या विजेच्या बिलाच्या भाषेत २९ युनिट. आज सर्रास मिळणाऱ्या ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाइल बॅटऱ्या घेतल्या तर दीड हजारांहून अधिक लागतील. एवढं सगळं एका मुठीत, आणि एका वारापुरतं.

स्फोटकांच्या मापात ही ऊर्जा २५ किलो टीएनटीइतकी भरते. म्हणजे फेझर कमरेला लावणारा प्रत्येक अधिकारी निदान तेवढी स्फोटकं अंगावर वागवत होता. लेखकांनाही याची जाणीव असावी. एका भागात मालिकेचा नायक कॅप्टन कर्क याच्या खोलीत कोणीतरी फेझर मुद्दाम अतिभारावर लावून ठेवतं. त्याची कर्कश शीळ चढत जाते, आणि तो फुटायच्या आत खोलीबाहेर काढावा लागतो. एवढी ऊर्जा कोंडली की तिला वाट लागते, हे त्या प्रसंगात चोख पकडलं आहे.

चाहत्यांमध्ये वारंवार निघणारी एक शंका मात्र मालिकेच्या बाजूने सुटते. बंदुकीसारखा फेझरचा धक्का हाताला का बसत नाही? झोत प्रकाशाचा आहे असं समजू. प्रकाशालाही संवेग असतो, पण तो ऊर्जेला प्रकाशवेगाने भागून मिळतो आणि प्रकाशवेग प्रचंड आहे. साडेदहा कोटी जुलांच्या झोताचा धक्का अलगद टाकलेल्या क्रिकेट चेंडूइतका, सेकंदाला दोन मीटरच्या आसपास वेगाने आलेल्या. कर्कचा हात स्थिर राहतो ते बरोबरच आहे.

जळायला हवा तो हात. कुठलंही यंत्र आत घेतलेली सगळी ऊर्जा झोतात घालत नाही. फेझर ९९ टक्के कार्यक्षम मानला, जे आजच्या कोणत्याही लेझरला जमत नाही, तरी उरलेला एक टक्का दहा लाख जुलांहून अधिक भरतो. साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणणारी ही उष्णता एका सेकंदात मुठीत उतरणार.

आणि ती वाफ? ४२ लिटर पाण्याची १०० अंशांची वाफ सुमारे ७० घनमीटर जागा व्यापते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे अशा अडीच खोल्या भरतील एवढी वाफ क्षणात फुटून बाहेर पडेल, आणि नेम धरणाराही होरपळेल. पडद्यावर मात्र माणूस विरतो आणि हवा तशीच राहते. माझ्या मते फेझरचं खरं कोडं एवढी ऊर्जा आली कुठून हे नाही. गेली कुठे, हे आहे. १९९१ मध्ये या मालिकेच्या पुढच्या पिढीचं तांत्रिक पुस्तक निघालं. त्यात ‘नेडिऑन’ नावाचे काल्पनिक कण आणून अणुगर्भाची बांधणीच सुटते असं मांडलं आहे. पण कण कोणताही आणा, पदार्थ आणि ऊर्जा यांचा ताळेबंद जुळावा लागतोच.

आजच्या खऱ्या यंत्राशी तुलना करायची तर एप्रिल २०२५ मध्ये डीआरडीओने आंध्र प्रदेशात कर्नूलजवळ ३० किलोवॉटचं लेझर शस्त्र चालवून उडती ड्रोन पाडली. वाहनावर बसवलेली ही यंत्रणा आहे, खिशातली नव्हे. तिची सगळी ऊर्जा शोषली जाते असं धरलं तरी ते ४२ लिटर पाणी वाफेत जायला जवळजवळ तास लागेल. ड्रोन त्याच्या कितीतरी आधी पडतं, कारण ते विरवायचं नसतं; पंखाचा किंवा कॅमेऱ्याचा एक ठिपका जाळला तरी पुरतं.

हाच नियम डोळ्याला लागू होतो, आणि तिथे आकडे एकदम खाली येतात. बुबुळ आणि भिंग मिळून लेझरचा किरण दृष्टिपटलावर इतका एकवटतात की त्याची तीव्रता सुमारे लाखपट होते. म्हणून वॅटच्या दहाव्या हिश्शाचा झोतही, पापणी मिटायच्या आत, कायमची इजा करू शकतो. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १९९८ मध्ये लागू झाला आणि भारतही त्यात सामील आहे. विसर्जन मिरवणुकीत धुरातून फिरणारे हिरवे झोत करारातल्या अर्थाने शस्त्र नव्हेत, पण दृष्टिपटलाला तो भेद कळत नाही. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांकडे मिरवणुकीनंतर नजर धूसर झालेली तरुण मुलं येऊ लागली, आणि २०२४च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी हे झोत सोडायला मनाई केली.