मळकट जांभळा रंग लावताय? आधी भिंतीची ओल बघा

दिवाळी जवळ आली की रंगाच्या दुकानात गर्दी होते. मोबाइलवरचा फोटो दाखवून 'असाच द्या' म्हणणारे आता बरेच असतात, आणि त्या फोटोंत मळकट जांभळा हमखास असतो. काळ्या द्राक्षावर हात लागण्याआधी जी पांढुरकी झाक असते, साधारण तसा हा रंग. वांगी रंगाइतका गडद नाही आणि लग्नाच्या मांडवासारखा भडकही नाही.

रंग चांगलाच आहे, पण तो भिंतीचा दोष झाकत नाही, उलट उघडा पाडतो. पांढऱ्या भिंतीला लोणा लागला तर महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. जांभळ्यावर मात्र तोच खार खडूने रेघोट्या ओढल्यासारखा दिसतो. म्हणून नवीन प्लास्टरवर पाणी मारणं बंद केल्यावर निदान महिनाभर तरी थांबावं. मुहूर्त गाठायच्या घाईत रंग मारला की पोपडे सुटतात, आणि डबा, मजुरी दोन्ही वाया जातं.

ओल तपासायला खर्च नाही. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक दिवस ठेवायचा. आतून थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे. जुन्या घरात खालच्या दोन फुटांत ओल जास्त असते. न्हाणीचं पाणी मुरतंय का, पागोळ्या जोत्याशी पडतात का, ते आधी बंद करावं. आलेला खार कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतला तर विरघळून परत भिंतीतच जातो. भिंतीला जुना चुना असेल तर तो खरवडून प्रायमर मारल्याशिवाय इमल्शन धरत नाही.

दुसरी फसगत उजेडाची. हा रंग पांढऱ्या ट्यूबखाली निळसर दिसतो, पिवळ्या बल्बखाली तपकिरीकडे झुकतो. मोबाइलचा ब्राइटनेस वाढवला की आणखी तिसराच! दुकानात मशीनवर काढलेला रंग सहसा परत घेत नाहीत. म्हणून सगळ्यात छोटा डबा आणून पुठ्ठ्यावर दोन हात मारावेत, वाळू द्यावेत, आणि तो पुठ्ठा त्याच खोलीत सकाळी आणि रात्री लाइट लावून बघावा. ओल्या रंगावरून ठरवू नये, इमल्शन वाळल्यावर जरा गडद होतं.

चारही भिंती रंगवायची गरज नाही. खिडकी लहान असेल तर खोली कोंदट वाटते. दारासमोरची एक भिंत जांभळी आणि बाकीच्या सायीच्या रंगाच्या, एवढ्यावर काम भागतं. बारा फूट लांब, दहा फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट. पुट्टी केलेली गुळगुळीत असेल तर दोन हातांना साधारण एक लिटर पुरतो, खडबडीत असेल तर जास्त लागतो. चुलीच्या खोलीत हा रंग नकोच, काजळीने महिन्यात काळवंडेल.

पैसे कमी असतील तर चुन्यात निळीची पूड आणि चिमूट-चिमूट गेरू घालून जवळपासची छटा येते. चुना मात्र इमल्शनच्या उलटा, ओला असताना गडद आणि वाळल्यावर बराच फिका. ऑइल पेंटच्या भिंतीवर तो धरत नाही.

काम झाल्यावर शेडचा नंबर डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावा. दोन डबे घेतले असतील तर मारण्याआधीच एकत्र ढवळावेत, नाहीतर अर्ध्या भिंतीवर जोड दिसतो.