बर्फावरच्या खोलीतली ओल

अंटार्क्टिकात भाजी पिकवली असे सांगितले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: एवढ्या थंडीत रोपे जगतात कशी? अशा भाजीसाठी खोली बांधणाऱ्याला मात्र थंडीची फारशी धास्ती नसते. भिंत जाड केली, फटी बुजवल्या की थंडी बाहेर राहते. त्याची झोप उडते ती रोपांनी आत सोडलेल्या वाफेमुळे.

हिशेब पाहा. खोलीत २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ठेवली, तर एका घनमीटर हवेत साधारण १२ ग्रॅम वाफ असते. बाहेरच्या उणे ४० अंशांच्या हवेत ग्रॅमच्या पाचव्या भागाइतकीही वाफ मावत नाही. ही वाफ जिथे वाट सापडेल तिथून बाहेर पडू पाहते. खिळ्याचे भोक, वायरीभोवतीची फट, दाराचे रबर, काहीही तिला पुरते. वाटेत, भिंतीच्या पोटात, सुमारे १४ अंशांना तिचे पाणी होते आणि आणखी थोडे पुढे बर्फ. भिंतीत काचलोकर भरलेली असेल तर ती भिजते, आणि भिजलेली लोकर थंडी अडवत नाही. मग भिंत आणखी गार होते आणि आणखी पाणी धरते. हे सगळे पत्र्याआड चालते. कळते तेव्हा बुरशी कोपऱ्यापर्यंत आलेली असते.

म्हणून बाष्परोधक पडदा नेहमी भिंतीच्या उबदार बाजूला लावायचा, हा पहिला नियम. नाशिककडच्या द्राक्षांच्या शीतगृहांत हाच नियम उलटा दिसतो. तिथे ऊब बाहेर आणि गारवा आत, त्यामुळे वाफ अडवायची ती बाहेरच्या अंगाने. पॅनेल बहुधा तेच: दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेनचा फेस, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘पफ पॅनेल’ म्हणतात. या फेसातले कप्पे बंद असल्याने वाफ त्यात सहज शिरत नाही. घोटाळा होतो तो सांध्यांत आणि बोल्टांत. पोलाद या फेसापेक्षा सुमारे दोन हजार पट उष्णता वाहून नेते. भिंतीच्या आरपार गेलेला एकच बोल्ट उबदार बाजूने थंड पाण्याच्या तांब्यासारखा घामेजतो.

या विद्येची गेल्या काही वर्षांतली सर्वांत कसून झालेली परीक्षा म्हणजे ‘एडन आयएसएस’. जर्मन अंतराळ संस्था डीएलआरच्या नेतृत्वाखाली, युरोपीय संघाच्या पैशातून हा प्रकल्प उभा राहिला. २०१८च्या जानेवारीत वीस फुटी दोन कंटेनर एक्स्ट्रोम हिमफलकावरच्या जर्मन ‘नॉयमायर-३’ तळापासून सुमारे ४०० मीटरवर, उंच चौथऱ्यावर बसवले गेले. एका कंटेनरात यंत्रे, दुसऱ्यात लागवड. लागवडीचे क्षेत्र अवघे साडेबारा चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडच्या एका बेताच्या खोलीएवढे. हिवाळाभर ही बाग सांभाळायला पॉल त्साबेल हा अभियंता तळावर राहिला. ४०० मीटर म्हणजे गावातल्या गावातले अंतर. पण ध्रुवीय रात्रीच्या वादळात तेवढे चालणेही धोक्याचे. त्यामुळे जर्मनीतल्या ब्रेमेनहूनही खोलीवर लक्ष ठेवण्याची सोय होती.

माती नव्हती. १९९१च्या माद्रिद करारानुसार अंटार्क्टिकात निर्जंतुक न केलेली माती नेणे शक्य तितके टाळावे लागते. पण तो नियम नसता तरी अशा बंद खोलीत माती कोणी नेली नसती. मुळे अधांतरी लोंबत आणि त्यांच्यावर ठरावीक वेळाने पोषकद्रव्यांचे तुषार मारले जात.

आता उष्णतेकडे येऊ. मी ढोबळ गणित मांडून पाहिले. वीस फुटी कंटेनरचे सर्व बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस मीटर. त्याला दहा सेंटिमीटर पफ लावला आणि आतबाहेर ६० अंशांचा फरक धरला, तर भिंतींतून निसटणारी उष्णता साधारण एक किलोवॉट भरते. घरातला लहानसा हीटर तेवढी देतो. रोपांना सूर्याची उणीव भासू नये म्हणून लावलेले दिवे मात्र याच्या कितीतरी पट वीज घेतात. एलईडीने घेतलेल्या विजेचा मोठा भाग थेट उष्णता होतो, आणि उरलेल्या प्रकाशाचाही बराचसा हिस्सा पानांवर पडून शेवटी उष्णताच होतो. साखरेत साठतो तो नगण्य. म्हणजे बाहेर उणे ४० असताना खोली तापवायची नाही, निववायची असते! एडनमधले दिवे पाण्याने थंड ठेवले जात आणि ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडली जाई.

‘मग बाहेरचीच हवा आत घ्यावी की, फुकट गारवा’ असे कोणालाही वाटेल. पण ती हवा हाडासारखी कोरडी. आत येऊन तापली की पानांतले पाणी शोषून घेणार, शिवाय रोपांसाठी मुद्दाम वाढवलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून जाणार. त्यामुळे खोली बंदच ठेवायची, आतली हवा गार नळ्यांवरून फिरवायची आणि वाफेचे पाणी करून ते पुन्हा टाकीत घ्यायचे. रोप मुळांनी ओढलेल्या पाण्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक पानांवाटे सोडून देते. तेच पाणी गोळा झाले की बर्फ वितळवण्याचा खर्च वाचतो. भिंतीचा शत्रू असा कामाला लागतो.

माणसांनाही ही ओल हवीशी वाटते. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन अमुंडसेन-स्कॉट तळावर २००४मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या मदतीने अशीच खोली बसवली गेली. तिच्या शेजारी काचेआड बसायला सोफा ठेवला आहे. कोरड्या हवेने ओठ फुटलेली, सहा महिन्यांची रात्र काढणारी माणसे तिथे येऊन बसतात.

२०१८मध्ये एडनच्या बागेने साडेनऊ महिन्यांत २६८ किलो पीक दिले: सॅलडची पाने, काकड्या, टोमॅटो, मुळे, नवलकोल. आकडा घसघशीत आहे खरा. पण तळावरच्या दहा जणांत वाटून पाहा. माणशी दिवसाला शंभर ग्रॅमही येत नाही. त्यातून मिळणाऱ्या उष्मांकांवर कोणाचा दिवस निघणार नाही. ‘अंटार्क्टिकात अन्नाचा प्रश्न सुटला’ अशा थाटाच्या बातम्या मला म्हणूनच खटकतात. पोट भरायला कोठारात डबाबंद आणि गोठवलेले अन्न होतेच. या बागेने चव दिली, वास दिला आणि दाताखाली कुरकुरणारे काहीतरी दिले. १९०२मध्ये स्कॉटच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेत स्कर्व्हीने डोके वर काढले, तेव्हा डॉक्टर रेजिनाल्ड कोटलिट्झ यांनी जहाजावर मोहरी आणि अळीव उगवले होते. त्यांची गरज अधिक निकडीची होती, साधने मात्र नसल्यासारखीच.

कंटेनरचा असा उपयोग आपल्याला नवा नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या अखत्यारीतला, २०१२मध्ये सुरू झालेला ‘भारती’ तळ १३४ कंटेनर जोडूनच उभा आहे, आणि त्याचे आरेखनही जर्मन वास्तुविशारदांचे. त्याच्या बाहेरच्या आवरणाचे कामही थंडी व वारा अडवण्याचेच. फक्त आत माणसे राहतात, आणि ती रोपांच्या मानाने फार कमी वाफ सोडतात.

एडनची खोली पुढे जर्मनीला परत आणली गेली आणि आता तिच्याच अनुभवावर चंद्रासाठीच्या बागेची तयारी चालू आहे. तिथली अडचण अंटार्क्टिकाहून वेगळी आहे. नॉयमायरला दिव्यांची उष्णता घ्यायला बाहेर थंड वारा होता. चंद्रावर हवाच नाही. उष्णता जाईल ती फक्त प्रारणाने, मोठ्या पत्र्यांवरून, हळूहळू. त्यात तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा आणि भर दुपारी जमिनीचे तापमान शंभर अंशांच्या वर. त्यानंतर तेवढीच लांब रात्र, उणे शंभराच्याही खाली. भिंतीचा प्रश्न तिथेही सुटेल. दिव्यांची उष्णता टाकायची कुठे, यावर मात्र पुष्कळ वजन खर्ची पडणार आहे, आणि चंद्रावर न्यायचा प्रत्येक किलो महाग असतो.