पिकाची पाण्याची गरज : अंदाज आणि नियोजन

बेळगाव जिल्ह्यातील घटप्रभेच्या खोऱ्यात हिडकल धरणामुळे ऊस, मका व भाजीपाला यांच्या लागवडीला आधार मिळाला. तथापि पाणी आले म्हणजे सिंचन झाले असे नव्हे. कोणत्या पिकाला, केव्हा व किती पाणी लागते, याचा हिशेब हा नियोजनाचा पाया होय.

शेतातील पाणी दोन वाटांनी हवेत जाते. जमिनीवरून होते ते बाष्पीभवन व पानांतून होते ते पर्णोत्सर्जन. ऊन, तापमान, आर्द्रता आणि वारा यांवर त्यांचा वेग अवलंबून असतो. या चारही घटकांना एकत्र बांधणारे पेनमन-माँटिथ सूत्र संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रमाण म्हणून मांडले. त्यातून सुमारे १२ सें.मी. उंचीच्या हिरव्यागार गवताची दैनंदिन गरज मिळते. तिला पीक गुणांकाने गुणले की प्रत्यक्ष पिकाची गरज हाती येते.

उसाचा गुणांक सुरुवातीला सुमारे ०.४०, तर जोमदार वाढीच्या काळात १.२५ असतो. उन्हाळ्यात गवताची गरज रोज ६ मि.मी. धरली, तर कोवळ्या उसाला २.४ मि.मी. व भरात असलेल्या उसाला ७.५ मि.मी. पाणी लागेल. एका हेक्टरवर १ मि.मी. म्हणजे १०,००० लिटर. म्हणजेच तोच ऊस एका अवस्थेत रोज २४,००० लिटर, तर दुसऱ्या अवस्थेत ७५,००० लिटर पाणी घेतो. दोन्ही वेळी सारखेच पाणी सोडणे कितपत योग्य, हे आकडेच सांगतात.

यातून उपयुक्त पाऊस वजा करावा आणि वहनातील व शेतातील नाश मिळवावा. पाटपाण्याची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास ७५,००० लिटरसाठी १,२५,००० लिटर द्यावे लागते. ठिबकने ९० टक्के धरल्यास सुमारे ८३,०००. दोन पाळ्यांतील अंतर जमीन ठरवते. मुळांच्या थरातील ८० मि.मी. पाणी वापरू देता येत असेल, तर ७.५ मि.मी. दराने दहा दिवसांनी पाळी द्यावी.

या हिशेबाकडे दुर्लक्ष झाले की कालव्याच्या वरच्या भागात अतिपाण्याने जमिनी क्षारपड होतात, तर शेवटच्या टोकाचा शेतकरी आवर्तनाची वाट पाहत राहतो. मोजून दिलेले पाणी म्हणूनच केवळ बचत नसून शेजाऱ्याच्या हक्काचे रक्षणही आहे.