मुळशीचे पाणी आणि पाण्याखालची शेते

पुणे जिल्ह्यातील मुळशी तलाव सहलीसाठी सर्वांना ठाऊक आहे. त्याचा इतिहास मात्र फार थोड्या मुलांना माहीत असतो. मुळा नदीवर टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतले, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांची घरे आणि भातखाचरे बुडणार होती. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. पां. म. बापट यांनी नेतृत्व केले, तुरुंगवास भोगला. लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. तरीही धरण झालेच. आजही हे पाणी सह्याद्रीखाली भिरा वीजगृहात उतरते आणि त्याची वीज मुंबईला जाते.

या चैत्रात आम्ही मुलांसह या काठावर तंबूत एक रात्र राहिलो. फजरच्या वुजूसाठी एकेक तांब्या पाणी घेतले, तेव्हा धाकटीने विचारले, “अब्बा, समोर एवढं पाणी असताना इतकं जपून का?” वाहत्या नदीकाठीही वुजूत इसराफ नको, ही प्रेषितांची (स.) शिकवण आम्ही तिला सांगितली. शिवाय हे पाणी तर कुणाच्या तरी शेतावर उभे आहे.

सहलीला जरूर जा. आपला कचरा परत आणा आणि मुलांना पाण्याखालच्या त्या शेतांबद्दलही सांगा. पाणी अल्लाहची नेमत आहे. आपल्याकडे ती अमानत आहे.