इंग्रजीतील नकारदर्शक उपसर्ग : समानार्थाची मर्यादा

मूळ शब्दाच्या आरंभी जोडल्या जाणाऱ्या आणि त्याचा अर्थ पालटणाऱ्या घटकाला उपसर्ग म्हणतात. इंग्रजीत नकार दाखवणारे 'अन-', 'इन-', 'डिस-', 'नॉन-' आणि 'ए-' हे पाच उपसर्ग विशेष प्रचारात आहेत. शालेय व्याकरणात ते बहुधा एकाच रकान्यात बसवले जातात आणि त्यांच्यापासून बनलेले शब्द एकमेकांचे समानार्थी म्हणून पाठ करवले जातात. परीक्षेपुरती ही मांडणी चालते. परंतु हे सगळे उपसर्ग एकाच काळचे किंवा एकाच भाषेतले नाहीत आणि त्यांचा नकारही एकाच जातीचा नाही, ही गोष्ट तिच्यामुळे झाकली जाते.

'अन-' हा इंग्रजीचा घरचा, जर्मानिक कुळातला उपसर्ग होय. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालये यांत फ्रेंचचा शिरकाव झाला, आणि फ्रेंच व लॅटिन शब्दांबरोबर 'इन-', 'डिस-' आणि 'नॉन-' इंग्रजीत आले. पुढे विद्या आणि विज्ञान यांच्या परिभाषेतून ग्रीक 'ए-' रुजला, ज्याचा उच्चार शब्दागणिक 'ए', 'ॲ' किंवा 'अ' असा बदलतो. मात्र यांतील 'अन-', 'इन-' आणि 'ए-' हे तिघे मुळात एकाच इंडो-युरोपीय नकारघटकाचे वंशज असून संस्कृतमधील 'अ-' हा त्यांचा सख्खा भाऊ आहे. व्यंजनापूर्वी 'अ-' आणि स्वरापूर्वी 'अन्-' हा 'अज्ञान' व 'अनादि' या शब्दांत दिसणारा संस्कृतचा नियम ग्रीकमध्येही तसाच आहे; म्हणून 'एथिइस्ट' म्हणजे निरीश्वरवादी या शब्दात नुसता स्वर आहे, तर 'ॲनार्की' म्हणजे अराजक या शब्दात तो स्वर पुढे 'न्' घेऊन येतो.

या नात्याचे सर्वांत बोलके उदाहरण 'जाणणे' या अर्थाच्या धातूभोवती सापडते, कारण संस्कृत 'ज्ञा', लॅटिन आणि ग्रीक 'ग्नो' आणि इंग्रजी 'नो' ही एकाच धातूची रूपे आहेत. त्याला नकार जोडून 'अननोन' म्हणजे अज्ञात, 'इग्नोरंट' म्हणजे अज्ञानी आणि 'ॲग्नॉस्टिक' म्हणजे अज्ञेयवादी असे तीन शब्द तीन वाटांनी इंग्रजीत आले. यांतील शेवटचा थॉमस हेन्री हक्सली यांनी 1869 साली घडवला. याच कुटुंबातला 'अनकूथ' जुन्या इंग्रजीत केवळ 'अनोळखी' या अर्थाचा होता, परंतु अनोळखी ते ओबडधोबड आणि म्हणून असंस्कृत, अशा पायऱ्यांनी तो आजच्या निंदाव्यंजक अर्थाला पोहोचला. घटक तेच आणि धातूही तोच असूनही या चारांपैकी कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

हे असे का होते, याचे उत्तर शोधण्यासाठी संस्कृत व्याकरणपरंपरेतील एक विचार फार उपयोगी पडतो. 'अ-' या नकाराला तेथे 'नञ्' असे नाव असून त्याचे सहा अर्थ मानले जातात : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य म्हणजे निंद्यता, आणि विरोध. संस्कृतमध्ये एकच उपसर्ग ही सहाही कामे करतो. इंग्रजीने त्यांतील काही कामे वेगवेगळ्या उपसर्गांना वाटून दिली आहेत. 'मॉरल' म्हणजे नैतिक या शब्दाला 'इन-' लागून झालेला 'इम्मॉरल' विरोध सांगतो, म्हणजे नीती मोडणारा. तर 1882 मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या लेखनात आढळणारा 'एमॉरल' अभाव सांगतो, म्हणजे नीतीचा प्रश्नच जेथे लागू होत नाही असा. वादळ किंवा भूकंप 'एमॉरल' असतो, विश्वासघात 'इम्मॉरल'. त्याच रीतीने 'नॉनह्यूमन' हा शब्द अन्यत्व दाखवतो आणि पशुपक्ष्यांना निर्दोषपणे लागू पडतो, तर 'इनह्यूमन' हा माणसाच्याच क्रौर्याला लागतो. 'नॉन-अमेरिकन' म्हणजे अमेरिकेबाहेरचा. 'अन-अमेरिकन' म्हणजे अमेरिकी मूल्यांशी द्रोह करणारा. पहिल्यात वर्गवारी आहे, दुसऱ्यात दोषारोप.

कायद्याच्या भाषेत हे भेद अधिक सूक्ष्म होतात. 'अनलॉफुल', 'इल्लीगल' आणि 'इल्लिसिट' या तिन्ही शब्दांना मराठीत सर्रास 'बेकायदा' म्हटले जाते. 'अनलॉफुल' मधील 'लॉ' हा शब्द इंग्रजीने स्कँडिनेव्हियन आक्रमकांच्या नॉर्स भाषेतून घेतला. 'इल्लीगल' लॅटिनमधील कायदावाचक शब्दावरून आला. आणि 'इल्लिसिट' मात्र परवानगी असणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून बनला असल्यामुळे त्यात कायदाभंगाबरोबर चोरटेपणाची आणि समाजाच्या नापसंतीची छटा राहिली. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंडसंहितेने कलम 141 मध्ये पाच किंवा अधिक माणसांच्या विशिष्ट हेतूच्या जमावाला 'अनलॉफुल असेंब्ली' हेच नाव दिले, आणि तेथे उरलेल्या दोहोंपैकी एकही शब्द घालून चालले नसते.

'डिस-' या उपसर्गात मुळात 'वेगळे होणे, दूर जाणे' हा भाव आहे. 'इंटरेस्ट' या शब्दाचे हितसंबंध आणि रुची असे दोन अर्थ असल्यामुळे आजच्या काटेकोर वापरात 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे हितसंबंधांपासून अलिप्त आणि 'अनइंटरेस्टेड' म्हणजे रुची नसलेला असा फरक केला जातो. न्यायाधीश पहिला असावा, दुसरा असू नये. सतराव्या शतकात हे दोन्ही शब्द जवळजवळ उलट अर्थांनीही वापरले जात होते, यावरून समानार्थी शब्दांमधील सीमारेषा वापरानेच आखल्या जातात हे स्पष्ट होते.

सारख्या दिसणाऱ्या उपसर्गांची गल्लतही याच क्षेत्रात होते. 'इन्फ्लेमेबल' मधील 'इन-' नकाराचा नसून 'आत' या अर्थाचा आहे, त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ 'पेट घेणारा' असा होतो. परंतु तो 'न पेटणारा' असा वाचला जाण्याचा धोका ओळखून विसाव्या शतकात अमेरिकेत अग्निसुरक्षेच्या क्षेत्राने 'फ्लेमेबल' हा आखूड शब्द पुरस्कारला. 'अन-' चेही दोन प्रकार आहेत : एक नकाराचा आणि दुसरा केलेली क्रिया उलटवण्याचा, ज्याचे नाते जर्मन 'एंट-' आणि ग्रीक 'अँटी' यांच्याशी आहे. म्हणून 'अनलॉकेबल' या एकाच शब्दाचे 'कुलूप लावता न येणारा' आणि 'कुलूप उघडता येणारा' असे दोन अर्थ होतात.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 च्या नकारविषयक ग्रंथात आणखी एका प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. 'अन-' हा बहुधा चांगल्या गुणांच्या शब्दांना लागतो आणि त्यांना निंदाव्यंजक करतो. 'अनकाइंड' आणि 'अनहॅपी' रूढ आहेत, पण वाईट गुणांच्या साध्या शब्दांना तो सहसा लागत नाही. जॉर्ज ऑर्वेल यांच्या 1949 च्या कादंबरीतील हुकूमशाही राजवट 'वाईट' या अर्थाचा स्वतंत्र शब्द काढून टाकून 'अनगुड' वापरायला लावते, कारण समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द घटले की विचारातील भेदही घटतात, हे तिला ठाऊक असते.

मराठीजवळ या भेदांसाठी लागणारी सामग्री भरपूर आहे. संस्कृतचे 'अ-' आणि 'निर्-', फारसी-अरबीतून आलेले 'बे-', 'ना-', 'गैर-' आणि 'बिगर-', शिवाय शब्दाच्या शेवटी येणारी 'इतर' आणि 'निरपेक्ष' ही पदे मराठीत नांदत आहेत. 'नॉन-' चे अन्यत्व 'बिगरशेती' आणि 'मानवेतर' यांत नेमके उतरते, 'इनह्यूमन' साठी 'अमानुष' आहे, आणि 'एमॉरल' साठी 'नीतिनिरपेक्ष'. असे असूनही भाषांतरात आणि अध्यापनात प्रत्येक इंग्रजी नकारापुढे 'अ-' लावण्याची सवय पडली, तर अनैतिक आणि नीतिनिरपेक्ष, परका आणि द्रोही यांतील अंतर मराठी वाचकापुरते पुसले जाईल. म्हणून कोशकाराने आणि शिक्षकाने विद्यार्थ्याच्या हाती समानार्थी शब्दांची यादी देण्यापूर्वी प्रत्येक उपसर्गाचा नकार अभावाचा आहे, अन्यत्वाचा आहे की विरोधाचा, हे सांगितले पाहिजे. तेवढे कळले की यादीतले शब्द पाठ करावे लागत नाहीत, ते समजून वापरता येतात.