कातळावरची परसबाग

कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कुदळ मारली की हाताला झिणझिण्या येतात. माती जेमतेम वीतभर, खाली जांभा. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात भाजी करपते, कारण एवढ्या पातळ थरात पाणी साठायला जागाच नसते.

याच पावसाने लाखो वर्षं खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेलं. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. जांभ्याचा लाल रंग या लोहाचा. खरी अडचण स्फुरदाची आहे: आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात. नुसतं रासायनिक खत टाकलं तर त्यातला बराचसा स्फुरद मुळांपर्यंत पोचतच नाही. शेणखत आणि कुजलेला पातेरा (गळलेली पानं) इथे खरोखर उपयोगी पडतो. कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्लं लोहाला गुंतवतात आणि स्फुरद मोकळा राहतो.

थर पातळ आणि खाली कातळ, म्हणून खणत बसण्यापेक्षा माती वर चढवावी. जांभ्याच्या चिऱ्यांचा फूटभर उंच वाफा, तळाशी पातेरा, वर माती आणि शेणखत. चुलीतली थोडी राख आम्लता कमी करते, पालाशही देते. मात्र ती ओल्या शेणात कालवू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जातो. पावसाळ्यात पडवळ, दोडका मांडवावर चढवावा, म्हणजे मुळांना वाफा पुरतो आणि वेलाला आकाश. अळूला न्हाणीचं पाणी द्यावं.

आणि एक कळकळीची विनंती: अंगणातला पातेरा जाळू नका, वाफ्यावर पसरा.