कोयनेच्या पोटातला ग्रॅनाइट

दादर-गिरगावातल्या नव्या घरांतून स्वयंपाकाचा ओटा हल्ली बहुधा ग्रॅनाइटचा असतो. मुंबईची भूमी मात्र मुख्यतः ज्वालामुखीच्या बेसॉल्टची. ग्रॅनाइट येथे बाहेरगावचा पाहुणा! तथापि सह्याद्रीच्या काळ्या कातळाखाली खोलवर हाच पाषाण पसरला आहे, आणि त्याचा आपल्याशी संबंध ओट्यापुरताच नाही.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. सुमारे दोनशे माणसे दगावली. धक्का मुंबईतही जाणवला. तेथील जमीन अद्यापि पुरती शांत झालेली नाही, आणि हे धक्के बहुतांशी खालच्या ग्रॅनाइटातच उगम पावतात. म्हणून 2011 पासून शास्त्रज्ञांनी तेथे विवरे खणली. रासाटीच्या विवरात 932 मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट लागला. 2017 मध्ये दुसरे एक विवर 3 किलोमीटर खोल गेले.

वर आणलेल्या या मुक्या दगडाला बोलते कसे करावयाचे?

पाक सावकाश निवला की खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात. जमिनीच्या पोटात शिलारस असाच सावकाश निवून गारगोटी, फेल्डस्पार आणि काळे अभ्रक यांचे ठसठशीत कण बनले, तोच ग्रॅनाइट. त्याचा कागदाहून पातळ काप घासून गुळगुळीत करतात व त्यावर इलेक्ट्रॉनांचा सूक्ष्म झोत सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठराविक क्षकिरण बाहेर टाकते. त्यावरून एकेका कणात लोह किती, मॅग्नेशियम किती, हे समजते. आणि अभ्रकाच्या घडणीवरून मूळ शिलारस कोणत्या जातीचा, याचा अंदाज बांधता येतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. भेगांतून ऊन पाणी शिरले की काळ्या अभ्रकाचे हिरवट क्लोराइट होते. त्यातील ॲल्युमिनियमचे प्रमाण ते पाणी किती तापलेले होते, याचा अदमास देते. कोयनेच्या दगडांत हे क्लोराइट सापडले आहे. म्हणजे धरण बांधण्याच्या कितीतरी पूर्वी या भेगांतून पाणी खेळून गेले होते! क्लोराइट मऊ आणि पापुद्र्यांचे. भेगेत ते साचले की खडकाची पकड सैल होते. त्यात जलाशयाच्या पाण्याच्या चढउताराची भर पडली, तर खडक सरकावयास निमित्त मिळते.

भूकंप केव्हा होईल, हे कोणतेही खनिज सांगत नाही. परंतु खडक कोठे आणि कशाने दुबळा झाला, हे ते सांगते. कोयनेच्या विजेवर दिवे लावणाऱ्या आपणा सर्वांना एवढे तरी ठाऊक असावयास हवे, नाही का?